कथेतले संवाद कसे लिहावेत: सुरुवात ऐकणाऱ्यापासून

बहुतेक कथांच्या पहिल्या खर्ड्यात पात्रं एकमेकांशी बोलतच नाहीत, वाचकाशी बोलतात. समोर सख्खा भाऊ बसलेला असतो आणि बहीण त्याला जे सांगते ते त्याला वर्षानुवर्षं ठाऊक असतं. लेखकाला माहिती वाचकापर्यंत पोचवायची असते, आणि तिची हमाली पात्रांच्या डोक्यावर येते. संवाद पडतात ते बहुतेकदा इथेच. भाषा साधी-सोपी करून किंवा चार शिव्या घालून ते उठत नाहीत. ऐकणारा कोण आहे, त्याला काय माहीत आहे आणि काय ऐकायचं नाहीये, हे लेखकाने ठरवलेलंच नसतं.

एक प्रसंग घेऊ आणि त्यावरच काम करू. विलास थोरल्या बहिणीकडे, नंदाकडे आला आहे. वडील गेल्यापासून आई विलासकडे असते. आता त्याला आणि त्याच्या बायकोला ते झेपत नाही. काही महिने ताईने आईला आपल्याकडे न्यावं, हे त्याला सांगायचं आहे. पहिला खर्डा साधारण असा उतरतो:

‘ताई, तुला माहीतच आहे, बाबा गेल्यापासून तीन वर्षं आई आमच्याकडे राहते. तिची स्मरणशक्ती आता कमी होत चालली आहे आणि आम्ही दोघंही नोकरी करत असल्यामुळे आमची खूप ओढाताण होते.’

‘मला त्याची जाणीव आहे, विलास. पण माझी मुलगी मुक्ता शिक्षणासाठी बाहेर असली तरी तिची खोली मला तिच्यासाठी ठेवावी लागते.’

‘तू आईची मोठी मुलगी आहेस. तुझंही काही कर्तव्य आहे!’ विलास रागाने म्हणाला.

व्याकरणात चूक नाही, मुद्दा कळतो, आणि तरी हे दोघं भाऊ-बहीण वाटत नाहीत. दोन वकील वाटतात. ‘तुला माहीतच आहे’ हे शब्द कागदावर आले की थांबायचं. माहीतच आहे, तर सांगतोय कशाला? ‘माझी मुलगी मुक्ता’ हेही तसंच. सख्ख्या मामाला भाचीची ओळख कोण करून देतं?

लिहायच्या आधी

कथेच्या वहीत नको, वेगळ्या कागदावर दोन्ही पात्रांसाठी तीन गोष्टी लिहा. समोरच्याकडून या क्षणी काय हवंय? कोणती गोष्ट तोंडातून काढायची भीती वाटतेय? आणि समोरच्याच्या मनात काय आहे याचा काय अंदाज आहे?

आपल्या प्रसंगात विलासला मागावं लागू नये असं वाटतं. ताईने आपणहून ‘आण तिला इकडे’ म्हणावं, ही त्याची इच्छा. नंदाने तो फोनवर ‘सहजच येतोय’ म्हणाला तेव्हाच ओळखलंय. तिला विषय निघूच द्यायचा नाही. म्हणजे एकाला विषय न काढता निघायला हवा आणि दुसरीला तो निघायलाच नको. एवढं ठरलं की प्रसंगाला ताण आपोआप येतो. आवाज चढवायची, उद्गारचिन्हं पेरायची गरज उरत नाही.

‘आईला कोणी ठेवायचं’ हा विषय झाला. विषयावर वादविवाद स्पर्धा होते, संवाद होत नाही. संवादाला ‘हिने आपणहून म्हणावं’ इतका नेमका आणि समोरच्या माणसाला चिकटलेला हेतू लागतो. तो कागदावर एका वाक्यात मांडता येत नसेल तर प्रसंग लिहायला घेऊ नका. आणखी दोन दिवस डोक्यात राहू द्या.

माहिती चाळणीतून काढा

आता पहिल्या खर्ड्यातली माहिती सुटी करा. वडील वारले, आई विलासकडे आहे, तिला विसरायला होतं, मुक्ता बाहेरगावी आहे, तिची खोली रिकामी आहे. यातलं वाचकाला आत्ता काय हवं? वडिलांचं जाणं निवेदनाच्या अर्ध्या वाक्यात बसतं: ‘बाबा गेल्यापासून विलास एकटा कधी आला नव्हता.’ झालं. निवेदनाची एक सरळ ओळ संवादातल्या पाच अवघडलेल्या ओळींपेक्षा केव्हाही बरी. ‘सगळं संवादातून दाखवा’ हा सल्ला नवोदितांना फार मिळतो आणि त्यातून बरंच नुकसान होतं, असं माझं मत आहे.

माहीत असलेली गोष्ट माणसं एकमेकांना सांगतच नाहीत असंही नाही. सांगतात, पण टोचायला. ‘तीन वर्षं झाली, ताई. तीन.’ यातही पहिल्या खर्ड्यातलीच माहिती आहे, पण इथे ती आरोप होऊन येते. ऐकणाऱ्याला जी माहिती नवी नाही, ती शस्त्र म्हणूनच बोलण्यात येऊ द्यायची; नाहीतर निवेदनात टाकायची.

प्रश्नाला सरळ उत्तर देऊ नका

याच जागेवर सगळ्यात जास्त वेळ घालवावा. आधी दुसरा खर्डा बघा:

‘मुक्ताची खोली बंदच ठेवतेस?’

नंदाने अभ्रा उलटा करून झटकला. ‘सामान आहे तिचं.’

‘नाही, म्हणजे... ती सुट्टीतच येते ना आता.’

‘येते की. परवाच येऊन गेली.’

‘आई विचारत होती.’

‘मुक्ताचं?’

‘तुझं. ताई कशी आहे म्हणून.’

‘मग फोन का नाही करत मला?’

विलास अजून खोलीच्या दाराकडेच बघत होता. ‘तिला नंबर लावता येत नाहीत आता, ताई.’

मागणी कोणी केली नाही, नकारही कोणी दिला नाही; दोन्ही होऊन गेलं. विलासने खोलीबद्दल विचारलं ती मागणी होती. ‘सामान आहे तिचं’ हा नकार. नंदाने प्रश्नातल्या शब्दांना उत्तर दिलं नाही, प्रश्नामागच्या हेतूला दिलं. ‘मुक्ताचं?’ म्हणून तिने विषय आईवरून मुलीवर ढकलून बघितला, तो परत आला. मग ती चिडली आणि चिडण्यातच फसली, कारण ‘फोन का नाही करत’ याचं उत्तर तिला नको असलेल्या जागी नेणारं होतं. आईच्या विसराळूपणाची बातमी आपण पहिल्या खर्ड्यात ‘स्मरणशक्ती’ या भारदस्त शब्दात दिली होती. इथे ती नंबर न लावता येण्यातून आली, आणि आली तीही घाव म्हणून.

माणसांच्या बोलण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी यातलं बरंच नोंदवून ठेवलं आहे. हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी १९७४ साली संभाषणातल्या पाळ्यांवर, म्हणजे कोणी केव्हा बोलायचं यावर, एक निबंध लिहिला. पुढच्या अभ्यासाचा पाया त्यातून घातला गेला. २००९ साली दहा भाषांची तुलना झाली, तेव्हा प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंत जाणारा वेळ सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतका निघाला. होकार त्याहून लवकर येतो, नकार रेंगाळतो. नकाराच्या आधी ‘तसं नाही’, ‘बघते’, ‘म्हणजे काय आहे ना’ अशी लाकडं रचली जातात. म्हणून कथेत कोणी पटकन ‘नाही’ म्हणालं तर ती घटना समजा. त्यामागे राग तरी हवा, नाहीतर फार जुनी तयारी. एरवी नकाराला वेळ लागू द्या. तो वेळ ‘ती क्षणभर थांबली’ असं लिहून दाखवायची गरज नाही. तिला अभ्रा झटकू दे.

तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९७५ मध्ये छापून आलेल्या निबंधात सांगितलेली गोष्टही लेखकाच्या कामाची आहे. बोलताना दोघं एकमेकांना सहकार्य करत आहेत असं आपण धरून चालतो. त्यामुळे एखादं उत्तर वरवर असंबद्ध आलं, तरी ऐकणारा त्यातून अर्थ काढतोच. वाचकही काढतो. ‘खोली बंदच ठेवतेस?’ आणि ‘सामान आहे तिचं’ यांमधला दुवा तो स्वतः जोडतो, आणि जोडताना प्रसंगात शिरतो. दुवा तुम्हीच जोडून दिलात (‘नंदाला त्याचा रोख कळला’) तर त्याला करायला काही उरत नाही.

सरावासाठी लिहून झालेला एखादा प्रसंग घ्या आणि त्यातल्या प्रत्येक थेट उत्तरापुढे चारांपैकी एक पर्याय लिहून बघा: उलट प्रश्न, अर्धंच उत्तर, विषयांतर, किंवा न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. सगळीकडे हे करू नका. सरसकट आडून बोलणारी पात्रं कोड्यात बोलल्यासारखी वाटतात. आठ-दहा ओळींत एखादं सरळ, उघडं वाक्य यायला हवं, आणि ते सगळ्यात महाग जागी यायला हवं. वरच्या प्रसंगात ते शेवटचं वाक्य आहे.

मराठी बोलण्याचा बाज

लिहिताना आपण क्रियापद शेवटी ठेवतो. बोलताना ते आधी येऊन जातं आणि राहिलेले शब्द मागून लोंबतात: ‘गेला तो कधीच’, ‘कळतं मला सगळं’, ‘नंबर लावता येत नाहीत आता, ताई’. छापील वाक्य तोंडी वाक्य करायला बऱ्याचदा एवढी उलटापालट पुरते. ‘तिला आता नंबर लावता येत नाहीत’ हे वैद्यकीय अहवालासारखं आहे. ‘आता’ मागे गेला की त्यात थकवा येतो.

दुसरं हत्यार म्हणजे चिमुकले शब्द. ‘तू जा’, ‘तू जा ना’, ‘जा की’, ‘तू जाच’, ‘तू तरी जा’, ‘जा बरं’. सांगणं एकच, पण मनधरणी, बेफिकिरी, धमकी, शेवटची आशा, लटका दम असं सगळं त्या एकदोन अक्षरांत आहे. ही अक्षरं नीट वापरली तर ‘ती विनवणीच्या सुरात म्हणाली’ हे लिहावं लागत नाही. ‘म्हणे’ हा शब्द तर खास जपून ठेवावा असा: ‘त्याला वेळ नाही म्हणे.’ बोलणाऱ्याचा अविश्वास दोन अक्षरांत कळतो.

‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतलं कोण कोणाला काय म्हणतं, हे पात्रांच्या टिपणातच लिहून ठेवा. पंधराव्या पानावर सून सासूला ‘तुम्ही’ म्हणते आणि चाळिसाव्यावर नकळत ‘तू’ म्हणायला लागते, असं छापील पुस्तकांतही सापडतं. मुद्दाम बदललं तर मात्र तोच प्रसंगाचा कळस होऊ शकतो. नेहमी ‘तू’ म्हणणारा मित्र भांडणात ‘तुम्ही मोठी माणसं’ म्हणाला की पुढचं काही सांगायला नको.

नावं आणि संबोधनं कमी करा. समोर बसलेल्या माणसाला दर वाक्यात नावाने कोणी हाक मारत नाही. हाक आपण लक्ष वेधायला मारतो, दटावायला किंवा गयावया करायला. आपल्या प्रसंगात विलास नऊ ओळींत एकदाच ‘ताई’ अशी हाक मारतो. (मधल्या ओळीतली ‘ताई’ आईच्या तोंडची.) पहिल्याच ओळीत तो ती वापरून बसला असता, तर शेवटी तिच्यात वजन उरलं नसतं.

अनुस्वाराचंही इथेच उरकून घेऊ. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखनाच्या चौदा नियमांत १९७२ साली चारांची भर पडून अठरा झाले. पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा घालताना ‘असं केलं, मी म्हटलं’ अशी रूपं अनुस्वार देऊन लिहायला त्यांत मुभा आहे. निवेदन ‘असे केले’ या वळणाचं ठेवायचं की तेही बोलीच्या, हे सुरुवातीलाच ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. संवादात मात्र ‘मी त्याला सांगितले होते’ हे पुस्तकी रूप एखाद्या शिष्ट पात्रासाठीच राखून ठेवा.

बोली आणि उसने शब्द

प्रत्येक उच्चार अक्षरशः टिपायला गेलात तर वाचक अडखळतो आणि पात्र हास्यास्पद होतं. बोलीची दोन-तीन ठळक लक्षणं निवडा, एखादं क्रियापदाचं रूप, एखादा सर्वनामाचा प्रकार, आणि ती न चुकता पाळा. बाकी काम वाक्याच्या चालीवर आणि शब्दांच्या निवडीवर सोडा. जी बोली कानात बसलेली नाही ती लिहायच्या फंदात पडू नये, हे उत्तम. आणि एक खटकणारी सवय: मालक प्रमाणभाषेत बोलतो आणि बोली फक्त गड्याच्या तोंडी. बोलणाऱ्या प्रत्येकाला बोली असते. मालकाचीही काहीतरी असेलच, ती शोधा.

इंग्रजीतून आलेल्या शब्दांना घाबरू नका. पण दोन पात्रं एकाच गोष्टीला एकच शब्द वापरतात का, हे बघा. एक जण ‘प्रॉब्लेम’ म्हणेल, दुसरा ‘भानगड’, तिसरी ‘अडचण’. त्यातच तिघं वेगळी होतात.

‘म्हणाला’ला म्हणू द्या

‘म्हणाला’, ‘म्हणाली’ हे शब्द वाचकाच्या डोळ्यांना दिसतच नाहीत आणि तेच त्यांचं मोठेपण. ‘उद्गारली’, ‘वदला’, ‘पुटपुटली’, ‘गरजला’ असं दर वेळी बदलत राहिलं की नजर बोलण्यावरून उडून लेखकाच्या शब्दसंग्रहाकडे जाते. ‘तो हसला’ हे बोलण्याचं क्रियापद नाही. त्याला स्वतःचं वेगळं वाक्य द्या. ‘रागाने म्हणाला’ मधला ‘रागाने’ काढून बघा. ओळ लुळी पडली तर ओळ बदला.

मराठीत एक सोय आहे. ‘करतो’, ‘करते’ यांवरून बोलणारा कळतो, त्यामुळे एक पुरुष आणि एक स्त्री यांच्या संवादात पुष्कळ ओळी बिननावाच्या चालतात. दोन बहिणी किंवा दोन मित्र असतील तर ही सोय जाते. तिथे संबोधन किंवा हातातलं काम यांचा आधार घ्यावा लागतो.

हातातलं काम पात्राचंच असावं. खांदे उडवणं, भुवया उंचावणं, ओठ चावणं हे बहुतेकदा अनुवादित पुस्तकांतून आपल्या कथांत आलेलं असतं. तुमच्या ओळखीच्या किती बायका बोलता बोलता खांदे उडवतात? नंदा अभ्रे घालते आहे, आणि अभ्रा झटकण्याचा जोर वाढतो. तिचा राग दाखवायला तेवढं पुष्कळ.

अवतरणचिन्हं एकेरी की दुहेरी, हा प्रकाशनाच्या पद्धतीचा प्रश्न. एक धरा आणि पाळा. बोलणं विरून गेलं तर तीन टिंबं. कोणी मध्येच तोडलं तर डॅश. ही दोन्ही पानात एकदोनदा ठीक. प्रत्येक ओळ टिंबांत विरू लागली की सगळी पात्रं आजारी वाटतात.

तिसरं माणूस

आता खोलीत नंदाचा नवरा येऊन बसू दे. तो एक शब्दही बोलला नाही तरी सगळं बदलतं. विलास खोलीबद्दल विचारणारच नाही. नंदाला हवं असेल तर ती नवऱ्याला म्हणेल, ‘मुक्ता म्हणत होती, या सुट्टीत मैत्रिणींना घेऊन येणार आहे.’ बोलणं नवऱ्याशी, उत्तर भावाला. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण म्हणजे संवादलेखनाचा अख्खा धडा आहे, आणि आपल्या कथांमध्ये ही युक्ती वापरावी तितकी वापरली जात नाही. एखादा प्रसंग दोन माणसांत साचला असेल तर तिसऱ्याला आणून बघा. मूल असेल तर आणखी छान: मुलासमोर मोठी माणसं भलत्याच गोष्टीबद्दल बोलत असल्याचं नाटक करतात, आणि मूल मध्येच खरं बोलून जातं.

कापाकापी

खर्डा झाल्यावर पहिल्या तीन ओळी झाका. ‘ये, बस’, ‘कसा आहेस?’ ‘ठीक’. बहुतेकदा त्या गेल्याचं कळतही नाही. फोनवरच्या बोलण्यात तर निरोप घ्यायलाच दोघांना चार-पाच पाळ्या लागतात: ‘बरं’, ‘चल मग’, ‘हो, ठेवते’. खऱ्या आयुष्यात त्या लागतातच, कथेत मात्र त्यातली एकही नसली तरी चालतं. निरोपात काही अडलं असेल तेवढीच ठेवा.

जे बोलणं घडलं हे कळणं पुरेसं आहे, ते निवेदनात गुंडाळा. मराठीत ते सहज होतं: ‘जेवून जा म्हणाली. नको म्हणाला.’ ‘ती म्हणाली की तू जेवून जा’ असं लांबण लावायला नको. बोलणाऱ्याचा सूर राहतो आणि जागा वाचते.

मग प्रत्येक ओळ काढून बघा. ती गेल्यावरही पुढची ओळ जशीच्या तशी उभी राहत असेल तर ती ओळ कोणाला ऐकूच गेलेली नाही. कधी ते हवंही असतं, समोरचा ऐकत नाही हेच दाखवायचं असतं. नसेल तर काढा. यानंतर नावं झाकून वाचा. कोण बोलतंय हे आशयावरून कळणं ठीक, पण बोलण्याच्या ढंगावरून कळतं का? विलास वाक्यं अर्धी सोडतो, नंदा छोटी आणि पूर्ण वाक्यं बोलते. एवढा फरकही पुरतो.

शेवटी मोठ्याने वाचा, पण स्वतः नको. स्वतः वाचताना आपण चुका आवाजाने झाकतो. ज्याला कथा माहीत नाही अशा कोणाला तरी वाचायला द्या, जमलं तर दोघांना, एकेक पात्र वाटून. तुम्ही हातात पेन्सिल घेऊन ऐकायला बसा. जिथे वाचणारा अडखळला, जिथे त्याने तुमचा शब्द सोडून नकळत स्वतःचा घातला, तिथे खूण करा. दुसऱ्या प्रकारच्या खुणा जास्त कामाच्या. त्याने घातलेला शब्द बहुतेकदा बरोबर असतो; तो उचलून घ्या आणि ओळ नव्याने लिहा.